आल्ब्रेख्त ड्यूरर : कलावंत आणि बाजारपेठ

कलावंताने जगावे कोणाच्या आधारावर, हा प्रश्न कलेइतकाच जुना आहे. राजा, धर्मपीठ किंवा धनिक सावकार यांपैकी कोणीतरी एक आश्रयदाता मिळवावा आणि त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे हात चालवावा, हाच बहुतेक देशांत शतकानुशतके रिवाज होता. युरोपात या रिवाजाला पहिला मोठा धक्का बसला तो पंधराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तो देण्याचे साधन होते रंधा मारून गुळगुळीत केलेली लाकडाची एक फळी. या फळीवर चित्र कोरून, शाई लावून, त्याच्या शेकडो प्रती कागदावर उठवता येतात, ही गोष्ट तोपर्यंत नवी राहिली नव्हती. परंतु त्या शेकडो प्रतींच्या शेकडो गिऱ्हाइकांच्या बळावर कलावंताला एका धन्याच्या मर्जीपासून बऱ्याच अंशी मुक्त होता येईल, हे ज्याने ओळखले आणि स्वतःच्या आयुष्यात करून दाखविले, तो न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर होय. त्याची चित्रे जगभरच्या संग्रहालयांत सन्मानाने मांडलेली आहेत. पण त्याच्या हिशेबाच्या नोंदींकडे जितके लक्ष जावे तितके जात नाही. वस्तुतः त्या वाचल्याखेरीज या थोर कलावंताचे चरित्र पुरते उलगडत नाही.

सोनाराचा मुलगा

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी झाला. वडील हंगेरीतून आलेले सोनार; १४५५ मध्ये ते न्यूरेंबर्गला पोहोचले आणि तेथेच स्थायिक झाले. आई बार्बारा हिला अठरा मुले झाली. त्यांपैकी केवळ तीन वाढून मोठी झाली, यावरून त्या काळच्या जगण्याची कल्पना यावी. मुलाने बापाचा धंदा उचलायचा, या नियमाने आल्ब्रेख्तही प्रथम सोनारकामाला बसला. धातूवर बारीक रेषा कोरण्याची सवय त्याच्या हाताला तेथेच लागली. पण त्याचा ओढा चित्रकलेकडे होता. सोनारकाम शिकविण्यात गेलेली वर्षे वाया जाणार म्हणून वडिलांना वाईट वाटले. तरीही त्यांनी १४८६ मध्ये त्याला मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराच्या हाताखाली तीन वर्षांसाठी शिकाऊ म्हणून ठेवले.

हे शहर आणि हे गुरुगृह, दोन्ही त्याच्या पुढील आयुष्याला विलक्षण अनुकूल ठरली. न्यूरेंबर्ग हे व्यापाराच्या हमरस्त्यांवरचे संपन्न शहर होते. जर्मनीतील पहिली कागदगिरणी १३९० मध्ये याच शहराबाहेर सुरू झाली होती. ड्यूररचा धर्मपिता अँटोन कोबेर्गर याने सोनारकाम सोडून छापखाना काढला होता, आणि भरभराटीच्या काळात त्याच्याकडे २४ छापयंत्रे व सुमारे १०० कामगार होते. वोल्गेमुटच्या कार्यशाळेत पुस्तकांसाठी लाकडी ठसे तयार होत. कोबेर्गरने १४९३ मध्ये छापलेल्या जगाच्या इतिहासाच्या प्रचंड ग्रंथात १,८०० हून अधिक चित्रे आहेत, आणि ती सुमारे ६५० ठशांवरून छापलेली आहेत. एकच ठसा एका पानावर एका शहराचे चित्र म्हणून, तर दुसऱ्या पानावर दुसऱ्याच शहराचे चित्र म्हणून वापरलेला आढळतो. ठसा हे उत्पादनाचे भांडवल आहे, आणि ते जितके अधिक राबवावे तितका दर प्रतीमागचा खर्च घटतो, हा धडा ड्यूररने कोवळ्या वयातच डोळ्यांनी पाहिला होता.

लाकडी ठशाचे अर्थशास्त्र

लाकडी ठशाची रीत तत्त्वतः सोपी आहे. नासपतीसारख्या घट्ट व एकसारख्या लाकडाच्या फळीवर चित्र रेखाटायचे. जेथे कागद पांढरा राहावयाचा तेथील लाकूड चाकूने व पटाशीने काढून टाकायचे. उंच राहिलेल्या रेषांवर शाई लावून कागद दाबायचा. छापलेले चित्र उलटे उमटते, म्हणून फळीवरील चित्र आरशातल्यासारखे असावे लागते. चीनमध्ये ही विद्या फार जुनी. तेथे ८६८ मध्ये छापलेले एक सचित्र बौद्ध सूत्र आजही उपलब्ध आहे. युरोपात ती १४०० च्या सुमारास रुळली आणि साधुसंतांच्या तसबिरी व पत्ते छापण्यासाठी वापरली जाऊ लागली. यात्रेत, जत्रेत अशा तसबिरी विकल्या जात. त्यांत केवळ बाह्यरेषा असत आणि हाताने रंग भरल्याशिवाय त्या पुऱ्या झाल्यासारख्या वाटत नसत.

लाकडी ठशाचा एक गुण मात्र फार मोलाचा होता. त्याची उंची शिशाच्या खिळ्यांइतकी ठेवली, की मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येत असे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रात शाई खोल रेषांत भरावी लागते, त्यासाठी यंत्रही निराळे लागते, आणि पत्र्यावरील नाजूक रेषा काही शे प्रतींनंतर झिजू लागतात. लाकडी ठसा काही हजार प्रती देतो. खर्चाचा मोठा भाग पहिल्या प्रतीपूर्वीच होऊन जातो; त्यापुढे खर्च उरतो तो कागद, शाई आणि मजुरीचा. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ज्याला मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा लाभ म्हणतात, तो येथे स्वच्छ दिसतो.

शिकाऊपण संपल्यावर १४९० ते १४९४ ही चार वर्षे ड्यूरर फिरतीवर होता. कोल्मार येथे तांब्यावरील कोरीवकामाचा श्रेष्ठ कलावंत मार्टिन शोनगाउअर याला भेटण्यासाठी तो गेला, पण तो पोहोचण्याआधीच शोनगाउअर मरण पावला होता. बाझेल येथे त्याने पुस्तकांसाठी ठशांची चित्रे काढली. न्यूरेंबर्गला परतल्यावर जुलै १४९४ मध्ये आग्नेस फ्राय हिच्याशी त्याचा विवाह झाला. २०० फ्लोरिन हुंडा मिळाला. त्याच वर्षी तो इटलीला गेला आणि १४९५ मध्ये परत येऊन त्याने स्वतःची कार्यशाळा उघडली. न्यूरेंबर्गमध्ये चित्रकारांवर कारागीर-संघाचे बंधन नव्हते, ही गोष्टही त्याच्या पथ्यावर पडली.

प्रकाशक चित्रकार

१४९८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ड्यूररने बायबलातील जगाच्या अंताच्या दर्शनावर आधारलेली पंधरा मोठी चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एक आवृत्ती लॅटिन मजकुरासह विद्वानांसाठी, दुसरी जर्मन मजकुरासह सामान्य वाचकांसाठी. चित्रे पूर्ण पानाची, आणि मजकूर त्यांच्या मागील बाजूस. म्हणजे चित्र हे पुस्तकाचे मुख्य अंग आणि मजकूर त्याचा सोबती, असा क्रम त्याने उलटविला. चित्रकारही तोच आणि प्रकाशकही तोच. भांडवल त्याचे, जोखीम त्याची आणि नफाही त्याचाच. एखाद्या कलावंताने स्वतः योजून स्वतःच प्रकाशित केलेले असे पुस्तक युरोपात त्यापूर्वी झाले नव्हते, असे मानले जाते.

विषयाची निवडही मार्मिक होती. १५०० साल जवळ येत होते. त्या वर्षी जग बुडणार अशी भीती लोकांत पसरली होती, आणि प्लेगच्या साथींनी तिला खतपाणी मिळत होते. या मालिकेतील चार घोडेस्वारांचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. धनुष्य, तलवार आणि तराजू घेतलेले तीन स्वार ढगांतून धावत येतात, आणि त्यांच्या खालून एका मरतुकड्या घोड्यावर बसलेला मृत्यू माणसे तुडवीत निघाला आहे. मध्यभागी आहे तो तराजूवाला. बायबलात हा तराजू धान्याच्या महागाईचे प्रतीक आहे. युद्ध आणि रोगराई यांच्या बरोबरीने महागाईला संहारक मानणारे हे चित्र पाहून, ज्या काळात एक पीक बुडाले की गावेच्या गावे उपाशी मरत, त्या काळच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल ते सांगावयास नको.

कलेच्या दृष्टीने या चित्रांनी लाकडी ठशाची पायरीच बदलली. रेषा जाड-बारीक करून आणि समांतर रेषांची जाळी दाट-विरळ करून ड्यूररने छाया, प्रकाश, धूर, पाणी, मांसलता हे सर्व केवळ काळ्या शाईत उभे केले. रंग भरण्याची गरजच उरली नाही. इरॅस्मससारख्या मोठ्या पंडिताने १५२८ मध्ये ड्यूररची थोरवी सांगताना याच गोष्टीवर बोट ठेवले : प्राचीन ग्रीक चित्रकारांना जे साधण्यासाठी रंग लागत, ते याने निव्वळ काळ्या रेषांनी साधले, आणि त्यावर कोणी रंग चढविला तर चित्राचा घातच होईल, असा त्याचा अभिप्राय होता. जत्रेतील स्वस्त तसबिरीचे साधन न बदलता, तिच्या ठायी श्रेष्ठ कलेचा दर्जा आणणे, हे ड्यूररचे खरे कर्तृत्व आहे.

विक्री आणि चोरी

माल निर्माण करणे वेगळे आणि तो विकणे वेगळे. ड्यूररने १४९७ मध्येच एका फिरत्या विक्रेत्याशी करार करून आपली चित्रे गावोगावी व देशोदेशी विकण्याची व्यवस्था केली. याखेरीज विक्रीचा मोठा भार घरातील दोन स्त्रियांनी उचलला. आग्नेस चित्रांचे गठ्ठे घेऊन फ्रँकफुर्टच्या जत्रेला जात असे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्याच्याकडे राहावयास आलेली वृद्ध आई न्यूरेंबर्गच्या जत्रेत मांडून बसत असे. ड्यूररच्या मृत्यूनंतर त्याचा जिवलग मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याने आग्नेसवर पैशाच्या हव्यासाचा ठपका ठेवला, आणि पुढील कित्येक चरित्रकारांनी तोच गिरविला. ज्या व्यवसायाने ड्यूररला स्वातंत्र्य दिले, तो व्यवसाय जत्रेच्या धुळीत उभे राहून जिने चालविला, तिच्यावरचा हा ठपका अन्यायाचाच म्हटला पाहिजे.

जे सहज छापता येते ते सहज चोरताही येते. व्हेनिसमध्ये मार्कान्तोनियो रायमोंदी याने ड्यूररच्या मेरीच्या जीवनावरील लाकडी ठशांच्या चित्रांची तांब्यावर हुबेहूब नक्कल केली आणि त्यावर ड्यूररचे बोधचिन्हही कोरले. मोठ्या ए अक्षराच्या पायांत बसविलेले डी, हे ते चिन्ह. इटालियन चरित्रकार वासारी याने पुढे लिहिलेल्या हकिगतीनुसार ड्यूररने व्हेनिसच्या सरकारकडे दाद मागितली. निकाल इतकाच लागला की, रायमोंदीने यापुढे ते चिन्ह वापरू नये. नक्कल करण्यास बंदी झाली नाही. १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरसभेने खोटे चिन्ह असलेली चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला ते चिन्ह काढून टाकण्याचा, अन्यथा माल जप्त करण्याचा हुकूम केला. म्हणजे कायद्याने नाव राखले. चित्र राखले नाही. १५११ मध्ये ड्यूररने आपल्या तीन मोठ्या मालिका पुस्तकरूपाने काढल्या, तेव्हा त्यांच्या अखेरीस त्याने चोरांना खडसावले आणि सम्राट मॅक्समिलियनच्या संरक्षणाचा हवाला दिला. ज्याला स्वतंत्र बाजारपेठेवर जगावयाचे आहे, त्यालाच राज्यसंस्थेच्या संरक्षणाची गरज सर्वांत अधिक भासते, हा विरोधाभास त्याच्या अनुभवातून स्पष्ट होतो.

आश्रयदात्याचे चित्र की छापील चित्र?

दोन मार्गांची तुलना करण्याचा प्रसंगही त्याच्यावर आला. फ्रँकफुर्टचा धनिक व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी त्याने १५०७ ते १५०९ या काळात वेदीवरचे मोठे चित्र रंगविले. ठरलेली किंमत १३० फ्लोरिन. काम वाढत गेले तसा ड्यूररने दर वाढवून मागितला, पत्रापत्री झाली, कुरबुरी झाल्या आणि शेवटी २०० फ्लोरिन मिळाले. या काळात आपण कोरीवकामच करीत राहिलो असतो, तर आज १,००० फ्लोरिनांनी अधिक श्रीमंत असतो, असे त्याने हेलरला स्पष्ट कळविले. संधीचा त्याग हाच खरा खर्च, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येण्यापूर्वी काही शतके एका चित्रकाराने स्वतःच्या खतावणीतून ओळखले होते. १५०९ मध्येच त्याने न्यूरेंबर्गच्या वेशीजवळ ऐसपैस घर विकत घेतले.

लाकडी ठशाची पोच किती दूर होती, याचे सर्वांत चमत्कारिक उदाहरण हिंदुस्थानशी जोडलेले आहे. दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळविण्यासाठी पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्क याने १५१४ मध्ये गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याच्याकडे वकील पाठविले. परवानगी नाकारली गेली. पण नजराण्यांच्या देवघेवीत एक जिवंत गेंडा पोर्तुगीजांच्या हाती आला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेल्या जहाजातून तो २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन साम्राज्यानंतर युरोपने असा प्राणी पाहिला नव्हता. पुढे पोर्तुगालच्या राजाने तो पोपला भेट म्हणून धाडला, आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. न्यूरेंबर्गला आलेले एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने १५१५ मध्ये त्याचा ठसा तयार केला. अंगावर चिलखतासारखे पत्रे आणि पाठीवर एक जादा शिंग, अशा चुका त्यात आहेत. तरीही तो ठसा पुन्हा पुन्हा छापला गेला, आणि पुढील दोनशेहून अधिक वर्षे युरोपातील ग्रंथांत गेंडा म्हणून तोच वावरला. औग्सबुर्गच्या हान्स बुर्कमाइर याने त्याच वर्षी केलेला ठसा वास्तवाच्या अधिक जवळ होता. त्याची केवळ एक प्रत आज शिल्लक आहे. बाजारात सत्यापेक्षा नाव अधिक चालते, हेही या प्रकरणातून नमूद केले पाहिजे.

सम्राटाचे वेतन

असा हा बाजारपेठेचा कलावंत उत्तरायुष्यात सम्राटाच्या पदरी लागला, हे वरकरणी विसंगत वाटते. मॅक्समिलियनलाही छापील चित्राचे सामर्थ्य उमगले होते. दगडी विजयकमान बांधण्यापेक्षा कागदी कमान छापून राज्यभर धाडणे त्याला परवडणारे होते. सुमारे १९० ठशांची, जोडल्यावर साडेतीन मीटर उंच होणारी ही कमान ड्यूररच्या देखरेखीखाली तयार झाली. ठसे कोरण्याचे काम हिएरोनिमुस आंद्रेए या कारागिराने केले. १५१५ पासून ड्यूररला दरसाल १०० फ्लोरिन वेतन मंजूर झाले. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट वारला आणि वेतन थांबले. ते नव्या सम्राटाकडून पुन्हा मंजूर करून घेण्यासाठी ड्यूरर जुलै १५२० मध्ये पत्नीसह नेदरलँड्सला निघाला. बांबर्गच्या बिशपला त्याने वाटेत आपली चित्रे व छापील पुस्तके भेट दिली आणि जकातमाफीचे पत्र मिळविले. माइन आणि ऱ्हाइन नद्यांवरच्या नाक्यानाक्यांवर ते पत्र कामास आले. प्रवासात त्याने रोजचा जमाखर्च लिहिला. चित्रे विकली, बदल्यात वस्तू घेतल्या, पुष्कळ चित्रे वाटली. नोव्हेंबर १५२० मध्ये पाचव्या चार्ल्सने वेतन मंजूर केले. पण एकंदर प्रवासात आपण तोट्यातच राहिलो, असा हिशेब ड्यूररने मांडला. समुद्रकिनाऱ्यावर आलेला देवमासा पाहण्यासाठी झेलंडला गेला असता जडलेला ताप त्याला पुढे छळत राहिला.

१५२४ मध्ये त्याने न्यूरेंबर्गच्या नगरसभेला अर्ज केला. व्हेनिसने दरसाल २०० डुकॅट आणि अँटवर्पने ३०० गिल्डर देऊ केले असताही आपण स्वतःचे शहर सोडले नाही. मात्र तीस वर्षांत या शहराकडून आपणाला ५०० फ्लोरिनांचेही काम मिळाले नाही, असे त्यात नमूद करून, आपल्या बचतीचे १,००० फ्लोरिन ठेव म्हणून घ्यावेत आणि त्यावर दरसाल ५० फ्लोरिन व्याज द्यावे, अशी विनंती त्याने केली. या अर्जातच त्याच्या चरित्राचे सार आहे. स्वतःच्या नगराने ज्याला पोसले नाही, तो कलावंत त्याच नगराला कर्जाऊ रक्कम देण्याइतका स्वावलंबी झाला होता. पण म्हातारपणी हात थांबल्यावर खावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर बाजारपेठेकडे नव्हते. ते त्याला वेतन आणि व्याज यांतच शोधावे लागले. ६ एप्रिल १५२८ रोजी तो मरण पावला, तेव्हा मागे सहा हजारांहून अधिक फ्लोरिनांची मालमत्ता होती.

ड्यूररच्या आयुष्यातून बाजारपेठेचे निर्भेळ गुणगान करावयास कोणी निघाला, तर त्याने रायमोंदीची चोरी, आग्नेसचे कष्ट आणि चुकीच्या गेंड्याची लोकप्रियता विसरू नये. उलट, छापील आणि स्वस्त ते हीन, असे मानणाऱ्यांनी हेलरच्या चित्राचे काय झाले ते ध्यानात ठेवावे. ज्या मधल्या फलकावर ड्यूररने सर्वाधिक श्रम घेतले, तो पुढे बव्हेरियाच्या मॅक्समिलियनने विकत घेऊन म्युनिकला नेला आणि १७२९ च्या राजवाड्यातील आगीत तो जळून गेला. आज त्याची कल्पना एका नकलेवरूनच करावी लागते. जत्रेत मांडून विकलेले चार घोडेस्वार मात्र अनेक देशांत सुरक्षित आहेत, कारण ते एकाच्या मालकीचे कधी नव्हतेच. एका धन्याच्या ठायी असलेले अवलंबित्व हजार गिऱ्हाइकांत वाटून टाकले, की त्यातला दास्याचा अंश बराचसा विरून जातो. आज नक्कल करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे आणि कलावंताच्या उपजीविकेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आहे. त्यावरील उपाय ड्यूररच्या काळी होता तोच आहे : कलाकृती अनेकांच्या आवाक्यात असावी, तिच्यावरील नाव कायद्याने राखले जावे, आणि वृद्ध कलावंताची तरतूद समाजाने आपले कर्तव्य मानावे. यांपैकी पहिली गोष्ट ड्यूररने एकट्याने साधली. उरलेल्या दोन साधणे हे कोणाही एका कलावंताच्या हातचे काम नाही.